ई-रीडर घेण्याआधी पुस्तके वाचण्याजोगी करा

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई
यांस सविनय नमस्कार.

सार्वजनिक ग्रंथालये आपल्या खात्याच्या अखत्यारीत येतात, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. जाडजूड ग्रंथ ज्यांच्या हाताला पेलत नाही, त्यांना 200 ग्रॅमच्या आसपासचा ई-रीडर (पडद्यावर पुस्तके वाचण्याचे यंत्र) सहज पेलतो आणि अक्षरही हवे तेवढे मोठे करता येते. वृद्ध आणि दिव्यांग वाचकांसाठी हे साधन मोलाचे आहे, यात शंका नाही. मात्र अडचण पुष्कळदा यंत्रात नसून त्यात भरलेल्या मराठी पुस्तकात असते.

शाहूपुरीत आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू, बोटांत संधिवात. मुलाने घेऊन दिलेल्या ई-रीडरवर त्या एक जुने प्रवासवर्णन वाचू पाहत होत्या, पण ते पुस्तक म्हणजे स्कॅन केलेल्या पानांची नुसती चित्रे होती. पान मोठे केले की ओळीचा शेवट पडद्याबाहेर जाई, तो पाहण्यासाठी प्रत्येक ओळीला पान बोटाने सरकवावे लागे, आणि बोट जरा थरथरले की पानच उलटले जाई. त्याच यंत्रावर युनिकोडमधले (प्रत्येक अक्षराला ठरलेला संगणकीय संकेत देणाऱ्या पद्धतीतले) पुस्तक उघडून दिले, तेव्हा अक्षर दुप्पट करूनही ओळी आपोआप पडद्यात बसल्या आणि बाईंनी पहिले प्रकरण एका बैठकीत वाचून काढले.

अंध वाचकांची स्थिती याहून बिकट आहे. चित्ररूप पानातून स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीला) काहीच वाचता येत नाही, आणि मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेल्या युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर तो रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी म्हणून उच्चारतो.

कायद्याची आडकाठी म्हणावी, तर तीही नाही. दिव्यांगांना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक रूपांतरित करण्याची मुभा कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने मिळाली, याच विषयावरील आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला 2014 मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारतच होता, आणि 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम तर डिजिटल मजकूर सुगम असावा, अशी जबाबदारीच शासनावर टाकतो. युरोपीय संघाने 28 जून 2025 पासून ई-पुस्तके आणि ई-रीडर या दोहोंना सुगमतेचे नियम लागू केले आहेत.

म्हणून शासनाच्या पैशातून घेतले जाणारे प्रत्येक मराठी ई-पुस्तक युनिकोड मजकुराचेच असावे, अशी अट खरेदीत घालावी. जुन्या पुस्तकांचे ओसीआर (पानाच्या चित्रातून यंत्राने अक्षरे ओळखणे) करताना रफार आणि जोडाक्षरे फार चुकतात, तेव्हा ते काम मुद्रितशोधकाच्या हातूनच पुरे करून घ्यावे, त्याला योग्य मानधनही द्यावे. ग्रंथालयांसाठी ई-रीडर निवडताना पान उलटण्याची बटणे असलेली आणि मराठी बोलून दाखवणारी यंत्रे पाहावीत, आणि निविदा निघण्याआधी ती अंध व वृद्ध वाचकांच्या हाती देऊन तपासावीत. करवीर नगर वाचन मंदिरासारखे 1850 पासूनचे ग्रंथालय ज्या शहरात आहे, त्या कोल्हापुरात अशा तपासणीसाठी वाचक शोधावे लागणार नाहीत. ती येथून सुरू करावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
कोल्हापुरातील एक वाचक