गोंद लावून चिकटवलेलं पत्र

प्रति,
संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की सरकारने फोन ऐकले, व्हॉट्सॲप बघितलं तर बिघडलं कुठं, ज्याच्या मनात पाप नाही त्याने घाबरायचं कशाला. वाचल्यापासून दोन दिवस डोक्यात तेच चालू आहे. मी 1979 ते 2017 पोस्टात होतो, आधी क्लार्क मग सब पोस्टमास्तर, त्यामुळे या 'पाप नाही' वर मला थोडं बोलायचंय, लांबलं तर कात्री लावा.

आमच्या काउंटरवर पोस्टकार्ड मिळायचं आणि निळं अंतर्देशीयही. कार्ड स्वस्त, अंतर्देशीय महाग. तरी पैशापैशाचा हिशोब करणारी बाईसुद्धा मुंबईला गिरणीत असलेल्या नवऱ्याला पत्र टाकायचं म्हटलं की अंतर्देशीयच मागायची. आत काय असायचं ते मला माहितीय कारण बऱ्याचदा लिहून मीच द्यायचो, म्हैस व्यायली, पोराला ताप येऊन गेला, सासूबाई बोलतात, या महिन्याला पैसे कमी आले. यात कसलं पाप आणि कसला देशद्रोह! पण लिहून झालं की ती माझ्याच समोर तिन्ही कडा चिकटवायची, वर काउंटरवरच्या डबीतली खळ दोनदा फिरवायची. मला सगळा मजकूर माहीत असून माझ्यासमोर. पत्र नवऱ्याचं होतं, तेव्हा उघडायचं नवऱ्याने, एवढाच तिचा हिशोब आणि त्यासाठी ती जास्तीचे पैसे मोजत होती. त्या गृहस्थांनी या बाईला पाप विचारायला हवं होतं.

दुसऱ्याचं पत्र फोडलं तर पोस्टाच्या माणसाला तुरुंगाची शिक्षा कायद्यातच होती. पत्ता सापडेना, पाठवणाराही कळेना, अशी पत्रं आरएलओत, म्हणजे परत आलेल्या पत्रांच्या कार्यालयात जायची आणि तिथे ती उघडायची परवानगी होती, पण फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता शोधण्यापुरती. पत्ता सापडला की परत बंद करून रवाना, बाकीचं वाचत बसायचं नाही.

आता सरकारला अधिकार नव्हता असं मी म्हणत नाही. इंग्रजांच्या 1898 च्या पोस्ट कायद्यात कलम 26 होतंच, आणीबाणीची परिस्थिती किंवा सार्वजनिक सुरक्षितता असेल तर टपाल अडवता यायचं. 1986 ला राजीव गांधींच्या सरकारने टपाल अडवायच्या या अटी आणखी सैल करायचं विधेयक दोन्ही सभागृहांत पास करून घेतलं, तेव्हा आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी यावर चांगली भांडणं व्हायची. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही, ना हो ना नाही, तसंच पडून राहिलं. आणि जे तेव्हा अडलं होतं त्याच वळणाचं कलम 2023 च्या नव्या पोस्ट कायद्यात आलं, कलम 9, त्यावर कुणी चहासुद्धा सांडला नाही. कोण पत्र लिहितंय आता म्हणा.

फोनची गोष्टही आमच्याच घरातली, कारण फोन टॅपिंग चालायचं ते 1885 च्या तारेच्या कायद्यावर. तार बंद झाली 2013 ला, कायदा मात्र त्यानंतरही दहा वर्षं फोन ऐकायच्या कामाला होता. सुप्रीम कोर्टाने 1996 ला पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या केसमध्ये सांगितलं की फोन ऐकणं ही गंभीर गोष्ट आहे, गृहसचिवाचा लेखी हुकूम लागेल, दोन महिन्यांची मुदत, वाढवलं तरी सहा महिन्यांच्या वर नाही, आणि वर एक आढावा समिती. नवा टेलिकॉम कायदा आला, 2024 च्या डिसेंबरात नवे नियम आले, ढाचा तोच.

माझं खरं भांडण या समितीशी आहे. दिल्लीच्या समितीत कॅबिनेट सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव, राज्यात मुख्य सचिव धरून तीन सचिव. हुकूम काढणारा सचिव आणि तपासणारेही सचिव. न्यायाधीश कुणी नाही, विरोधी पक्षाचं कुणी नाही, ज्याचा फोन ऐकला त्याला तर पत्ताच नाही. केंद्र सरकार महिन्याला साडेसात ते नऊ हजार टॅपिंगचे हुकूम काढतं असं माहिती अधिकारात बाहेर आलं होतं, त्यालाही आता दहा वर्षं उलटून गेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण, मुंबई दंगलीच्या आयोगामुळे आपल्याला ठाऊक असलेले, त्यांच्या डेटा संरक्षणावरच्या समितीने 2018 ला हाच हिशोब मांडला, बैठक दोन महिन्यांतून एकदा म्हणजे एका बैठकीत पंधरा ते अठरा हजार हुकूम. अहो, आमचा इन्स्पेक्टर वर्षातून एकदा यायचा आणि एका छोट्या ऑफिसचे आरडीचे खाते तपासायला त्याला दोन दिवस लागायचे!

आणि चुका होत नाहीत असंही नाही. लाचेच्या एका प्रकरणात केंद्राने 2009-10 मध्ये मुंबईच्या एका व्यावसायिकाचा फोन ऐकायचे तीन हुकूम काढले होते, मुंबई हायकोर्टाने 2019 ला तिन्ही रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं, यात सार्वजनिक सुरक्षितता कुठं आली म्हणून. मद्रास हायकोर्ट 2025 ला असंच म्हणालं, दिल्ली हायकोर्टाने त्याच वर्षी उलटं म्हटलं की मोठा भ्रष्टाचारही त्यात बसतो. पण मुंबईच्या या माणसाला कळलं कारण त्याच्यावर केस झाली. ज्यांच्यावर केसच झाली नाही, ज्यांच्या बोलण्यात काही सापडलंच नाही, म्हणजे त्या गृहस्थांच्या भाषेत ज्यांच्या मनात पाप नव्हतं, त्यांना जन्मात कळणार नाही.

पूर्वी पाकीट कुणी वाफेवर धरून उघडलं तरी कागद फुगायचा, कड वाकडी व्हायची, जुन्या पोस्टमनला हात लावला की समजायचं. पेगॅसस म्हणजे फोनमध्ये गुपचूप शिरून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर, त्याचं तसं नाही. ते लोकांच्या फोनवर वापरल्याच्या तक्रारी आल्या तेव्हा सुप्रीम कोर्टाच्या समितीने 29 फोन तपासले, पाचांत काहीतरी घातक सॉफ्टवेअर मिळालं, पण ते पेगॅससच का हे सांगता आलं नाही आणि सरकारने सहकार्य केलं नाही असं समितीचं म्हणणं कोर्टानेच सांगितलं. तो अहवाल बंद पाकिटात दिला होता. चला, पाकिटाची किंमत कुठंतरी शिल्लक आहे.

26/11 च्या रात्री अतिरेक्यांचे त्यांच्या पाकिस्तानातल्या म्होरक्यांशी चाललेले फोन आपल्या एटीएसने ऐकले, ते ऐकायलाच हवे होते, तिथं कुणी नियमाचं पुस्तक काढून बसा म्हणणार नाही. नंतर दोन दिवसांत न्यायाधीशापुढे कागद ठेवा म्हटलं तर त्यात कुणाचा जीव जाणार आहे? हुकूम न्यायाधीशाने बघावा, तपास संपला आणि काही निघालं नाही तर त्या माणसाला सहा महिन्यांनी का होईना कळवावं, आणि वर्षाला किती हुकूम निघाले तो नुसता आकडा विधानसभेत ठेवावा. नावं नकोत, आकडा. आम्ही रोज किती रजिस्टर पत्रं आली किती गेली याचा ताळा मिळाल्याशिवाय घरी जात नव्हतो.

माझं नाव आणि पत्ता वेगळ्या कागदावर जोडलाय. तो तुमच्यापुरता, छापू नका.

आपला,
एक निवृत्त सब पोस्टमास्तर, सातारा जिल्हा