आकडे झाकून गणित वाचायला शिकवलंत, त्याबद्दल

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

वस्तुमान आणि धारकतेच्या शाब्दिक उदाहरणांत मुलं नेमकी कुठे अडतात, हे तुम्ही मुलांच्याच वह्या उघडून दाखवलंत. त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार.

सगळ्यात मोलाची ठरली ती आकडे झाकण्याची रीत. उदाहरण फळ्यावर लिहायचं, संख्यांवर कागद चिकटवायचा आणि विचारायचं: काय घडलं? काय शोधायचंय? 'टाकीत पाणी होतं, थोडं काढलं, उरलं किती' एवढं मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितलं, की मगच कागद काढायचा. एरवी 'जास्त' हा शब्द दिसला की मुलं बेरीज ठोकून मोकळी होतात. 'लाल पिशवीचं वजन 450 ग्रॅम. ते निळ्या पिशवीपेक्षा 120 ग्रॅमने जास्त आहे. निळीचं किती?' इथे 570 हे उत्तर हमखास येतं. दोन पट्ट्या एकीखाली एक काढायला लावल्या, लांब कोणती ते आधी ठरवायला सांगितलं, की 330 ग्रॅम आपसूक निघतं. शब्दावरून क्रिया ओळखायचे ते तक्ते भिंतीवरून उतरवलेलेच बरे!

एककांच्या चुकांमागचं कारणही तुमच्यामुळे उमगलं. 5 लीटर 200 मिलीतून 2 लीटर 750 मिली वजा करताना काही जण 750 मधून 200 काढून 3 लीटर 550 मिली लिहितात. काही जण उसना घेतात खरा, पण त्या लीटरचे 10 किंवा 100 करतात, कारण आजवर उसना घेतला की दहाच मिळाले होते. म्हणून आधी 4 लीटर 1200 मिली असं लिहूनच घ्यायचं, वजाबाकी नंतर. उत्तर 2 लीटर 450 मिली. तसंच 3 किग्रॅ 50 ग्रॅमचे 350 होऊ नयेत म्हणून ग्रॅमसाठी तीन घरं आखायची आणि 050 भरायचे, म्हणजे 3050.

भागाकारात बाकीचं काय करायचं ते प्रश्नच ठरवतो. 2 लीटर पाणी, 300 मिलीचे पेले: पूर्ण भरतील 6, उरेल 200 मिली, पण सगळं पाणी ओतायला पेले लागतील 7. तिन्ही प्रश्न एकाच दिवशी विचारायचे, ही तुमची सूचना फार नेमकी.

मोजपात्र सपाट जागी ठेवून, डोळा पातळीशी आणून, पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा तळ वाचायचा. वरून पाहिलं तर माप जास्त दिसतं. हे आधी हाताने झालं, की कागदावरचे मिलिलीटर मुलांना परके वाटत नाहीत.

आणि ते बरणीचं उदाहरण! पाण्याने काठोकाठ भरलेली बरणी 1 किग्रॅ 300 ग्रॅम, त्यातलं निम्मं पाणी ओतल्यावर 800 ग्रॅम. रिकामी बरणी किती? '800 कसे, 650 हवेत,' असं मुलं छातीठोकपणे सांगतात, कारण बरणीही निम्मी करून टाकतात. ओतलेलं पाणी 500 ग्रॅम, म्हणजे सगळं पाणी 1000 ग्रॅम आणि बरणी 300. पाणी असल्यामुळे बरणीत साधारण 1 लीटर मावतं हेही कळतं. तेलाला मात्र हा हिशेब लावायचा नाही, ते त्याच मापात हलकं भरतं.

अशी आणखी उदाहरणं असतील तर जरूर पाठवा. भागाकाराची विशेष हवी आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपले,
प्राथमिक वर्गांना गणित शिकवणारे आम्ही सर्व