मुलांना कुणी विचारलं?

संपादक महोदय,
स. न.

मुलांकडे बघून संसार टिकवा, असं सांगणारा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला आणि रात्रभर झोप लागली नाही. लेखकांनी घराण्याची, समाजाची, पुढच्या सोयरिकीचीसुद्धा काळजी केली आहे. ज्यांच्या नावानं हे सगळं सोसायचं, त्या मुलांना काय वाटतं याबद्दल एक ओळ नाही.

मी तसल्याच घरातली मुलगी. वडगावात मागांच्या खडखडाटात वाढले. आमच्याकडे मारझोड नव्हती, त्यामुळे पाहुण्यांच्या लेखी सगळं बरं होतं. पण आई-बाबा एकमेकांशी बोलतच नसत. 'बाबांना सांग, ताट वाढलंय.' 'आईला विचार, लाईट बिल भरलं का.' दोघं एकाच खोलीत आणि निरोप्या मी. संध्याकाळी माग थांबले की माझ्या पोटात गोळा यायचा. एसएसएलसीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री आई रडत म्हणाली, 'तुझ्यासाठीच राहिले गं या घरात.' मायेनंच म्हणाली. पण तेव्हापासून मिळालेला प्रत्येक मार्क मला कर्जाच्या हप्त्यासारखा वाटला.

आईला मी दोष देत नाही. माहेर चंदगडकडे, हातात पैसा नाही, जाणार कुठे? राग आहे तो 'लेकीकडे बघून सोस' म्हणणाऱ्या मंडळींचा. त्यांतल्या एकानंही तिला वकिलाचा पत्ता दिला नाही.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या कलम २६ मध्ये मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण ठरवताना शक्य तिथे मुलांची इच्छा बघावी, असं म्हटलं आहे. एवढ्या जुन्या कायद्याला जे सुचलं, ते आजच्या लेखकांना सुचू नये?

आणखी एक. माझ्या मावसबहिणीला नवऱ्यानं घातलेल्या घटस्फोटाच्या दाव्याची नोटीस आली ती कन्नडमध्ये. तिला वाचता येईना. शेवटी शाळेत कन्नड शिकणाऱ्या तिच्या पोरानं एकेक अक्षर लावत ती वाचून दाखवली. आईवर केलेले आरोप त्या लेकराच्या तोंडून ऐकायची वेळ घरावर आली. सीमाभागात मराठी माणसानं आणखी किती सोसायचं? निदान सोबत मराठी प्रत द्या.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार बाईला, मिळकत कितीही असो, मोफत वकील मागता येतो. त्यासाठी जिल्ह्याला प्राधिकरण आणि तालुक्याला समिती असते. ही माहिती त्याच पुरवणीत, त्या लेखाइतक्याच ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, वडगाव, बेळगाव