मावशी, त्या शनिवारच्या झोपेसाठी

प्रिय मावशी,

जय ख्रिस्त.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणत विषय बदलता, म्हणून लिहितेय. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय, कारण आपल्या मंडळीत तेव्हाच्या माझ्यासारखी आणखी कुणी नक्की असेल.

गेल्या वर्षीचा पावसाळा आठवतो? धाकटी सहा महिन्यांची, थोरला चार वर्षांचा. २६ आठवड्यांची रजा संपवून मी कामावर रुजू झाले होते. २०१७च्या आधी बायकांना १२च आठवडे मिळायचे, आपल्याला दुपटीहून जास्त मिळाले, मग कुरकुर कसली, असं मी स्वतःलाच दटावायचे. पहाटे पाचला उठून डबे, मग धाकटी पाळणाघरात, वर्तकनगरहून रिक्षा, ठाण्याहून घणसोलीची गाडी. रात्री ती दर दोन तासांनी उठायची. गाडीत बसायला मिळालं की माझी मान पडायची. दोनदा तर थेट वाशीला जाग आली.

नुसता थकवा असता तर निभावलं असतं. पण मला काही वाटेनासंच झालं होतं. पोर रडायची आणि मी भिंतीकडे बघत बसायचे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन" हे येशूचं वचन होतं. रोज दिसायचं आणि रोज वाटायचं, प्रभू, मी तर आलेय, मग विसावा कुठंय? धीर करून एका बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, तुझी प्रार्थना कमी पडतेय. त्यानंतर मी तोंड मिटलं.

आणि मग त्या रविवारी उपासना सुटल्यावर तुम्ही दारात मला थांबवलंत. कशी आहेस, असं विचारलं असतंत तर मी "छान" म्हणून निघून गेले असते. तुम्ही विचारलंत, "सलग झोप शेवटची कधी लागली होती?" मला उत्तर देता आलं नाही. उभ्या उभ्या रडायला लागले.

पुढच्या शनिवारी दुपारी तुम्ही घरी आलात. डब्यात बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, वर अळिवाचे चार लाडू. मोरीत भांडी साठलेली, ओले कपडे खुर्चीवर, मला शरमेनं मेल्यासारखं झालं. तुम्ही तिकडे बघितलंसुद्धा नाहीत. "खा आणि आत जाऊन झोप. पोरीला मी बघते." मी पावणेतीन तास झोपले. जाग आली तेव्हा धाकटी तुमच्या खांद्यावर होती, भांडी पालथी घातलेली होती, आणि तुम्ही हलक्या आवाजात एक जुनं उपासनेचं गीत गुणगुणत होतात. त्या सुरांनी मला जेवढं सांभाळलं, तेवढं त्या दिवसांत दुसऱ्या कशानंही सांभाळलं नाही. असे किती शनिवार तुम्ही आलात, मी मोजले नाहीत. तीन महिने तरी.

त्यातल्याच एका शनिवारी तुम्ही बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा तेहतिसावा अध्याय काढलात. मला वाटलं, आता उपदेश येणार. तुम्ही दोनच ओव्या वाचल्यात. याकोबाला वीस वर्षांनी भाऊ एसाव भेटलाय, गळ्यात पडून दोघं रडलेत, आणि एसाव म्हणतो, चल, बरोबर जाऊ. त्याच्यासोबत चारशे माणसं, चाल जोराची. याकोब सांगतो, मुलं कोवळी आहेत, माझ्या मेंढ्या आणि गाई पाजणाऱ्या आहेत, एक दिवस जरी यांना दामटलं तरी सगळा कळप मरेल. तुम्ही पुढे व्हा, मी मुलांच्या चालीनं येतो. पुस्तक मिटून तुम्ही एवढंच म्हणालात, "तो स्वतःही लंगडत होता गं, आदल्या रात्री जांघ निखळली होती त्याची."

मी लहानपणापासून शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, याकोब शिकले. त्याच्या स्वप्नातली शिडी शिकले, जिच्यात जांघ निखळली ती रात्रीची झटापट शिकले. हे वाक्य कुणी शिकवलं नव्हतं. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायातला मेंढपाळही पाजणाऱ्या मेंढ्यांना सांभाळून नेतो, म्हणजे देव त्यांच्या पावलानं चालतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी मात्र चारशे माणसांच्या मागे धावत होते.

डॉक्टरांकडे नेणाऱ्याही तुम्हीच. मी घाबरले होते. ठाण्यात राहून "हिला ठाण्याला पाठवा" ही चेष्टा किती वेळा ऐकलेली. १९०१ सालचं ते मनोरुग्णालय म्हणजे आजारी माणसांचा आसरा, पण आपण त्याची शिवी करून टाकलीय. तुम्ही विचारलंत, "मी मधुमेहाची गोळी घेते, तेव्हा माझा विश्वास कमी होतो का?" बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत आणि अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं असतात, हे मला डॉक्टरांकडून कळलं. वाचणाऱ्या एखादीला घरात कुणाशी बोलता येत नसेल तर मनाच्या आजारांसाठीच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. ज्यांच्या शेजारी तुम्ही नाही, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिलं.

मावशी, माझ्यासाठी प्रार्थना खूप जणींनी केली. त्यांचेही आभार, मनापासून. पण माझं लेकरू उचलून घेऊन तुम्ही प्रार्थना केलीत.

गेल्या रविवारी संध्याकाळी आम्ही तलावपाळीला गेलो होतो. धाकटी आता चालते, पण दर चार पावलांवर बसते. कधी कबुतर बघायला, कधी चप्पल काढायला. हे आणि थोरला बरेच पुढे गेले आणि वळून हाका मारायला लागले. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, आम्ही येतो.

तुमचीच,
वर्तकनगरची लेक