आघाडी घेतली की आपण मागे का सरतो? क्रीडा राज्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. रक्षाताई खडसे,
केंद्रीय राज्यमंत्री, युवक व्यवहार व क्रीडा

सप्रेम नमस्कार.

ताई, भारताच्या पुरुष फुटबॉल संघाबद्दल लिहितो आहे. दिल्लीच्या क्रीडा मंत्रालयात मराठीतून म्हणणं मांडता येईल अशा तुम्ही आहात, म्हणून पत्र तुमच्या नावे. संघ हरतो ही माझी तक्रार नाही. कतार, इराण, ऑस्ट्रेलिया यांच्याकडून हरण्यात कसली लाज? जीव जळतो तो जिंकायची संधी हातात असताना हा संघ ज्या भीतीने खेळतो, ते बघून.

चार सामने तुमच्यासमोर ठेवतो. ५ सप्टेंबर २०१९, गुवाहाटी. समोर ओमान. सुनील छेत्रीने २४व्या मिनिटाला गोल केला आणि ८२व्या मिनिटापर्यंत आपण पुढे होतो. सामना संपला तेव्हा १-२. २६ मार्च २०२४, पुन्हा गुवाहाटी, समोर अफगाणिस्तान. छेत्रीचा १५०वा सामना, त्याच्याच पेनल्टीवर आघाडी. मग ७०व्या आणि ८८व्या मिनिटाला गोल खाल्ले, १-२. त्याच वर्षी ११ जूनला दोहामध्ये कतारविरुद्ध विंगर (कडेने खेळणारा आक्रमक) लालियनझुआला छांगटेने पुढे नेलं आणि शेवटच्या वीसेक मिनिटांत दोन गोल होऊन १-२. आणि १४ ऑक्टोबर २०२५ला मडगावात सिंगापूर. छांगटेचा सुरेख गोल, मध्यंतराच्या तोंडावर बरोबरी, ५८व्या मिनिटाला दुसरा गोल, १-२. त्या रात्री २०२७च्या आशिया चषकाचं दार बंद झालं.

प्रतिस्पर्धी चार, स्पर्धा तीन, प्रशिक्षक दोन, निकाल दर वेळी तोच. दोहात आपल्यावर अन्याय झाला, हे मान्य. चेंडू रेषेबाहेर गेलेला असताना कतारला बरोबरीचा गोल दिला गेला, हे सगळ्या जगाने पाहिलं. तो सामना बाजूला काढा. तरी तीन उरतात.

गोल झाल्यावर काय होतं, ते बघा. आपली बचावफळी दहा-पंधरा यार्ड मागे सरते. विंगर साइडबॅकच्या, म्हणजे कडेच्या बचावपटूच्या, शेजारी येऊन उभे राहतात. मध्यफळीतले दोघे सेंटरबॅकच्या, म्हणजे मधल्या बचावपटूंच्या, पायात येतात. पुढे गोल करणारा एकटा स्ट्रायकर उरतो, आणि त्याच्यापर्यंत चेंडू पोचतो तो फक्त उंच उडवून. त्याच्या आसपास कोणी नसल्याने चेंडू तीन-चार सेकंदांत परत आपल्याच गोलसमोर येतो. असं अर्धा तास चाललं की पाय जड होतात, कोणीतरी उशिरा धावतो, चुकीचा टॅकल होतो, समोरच्यांना पेनल्टी मिळते. याला दुर्दैव म्हणायची आपल्याला सवय झाली आहे. शिवाजीनगरच्या एसएसपीएमएस मैदानावर आमच्या जिल्हा लीगच्या सामन्यांना कडेला उभे असलेले जुने खेळाडू अशा वेळी ‘वर चला, वर चला’ म्हणून घसा फोडतात. त्यांना कळतं की चेंडू स्वतःच्या गोलपासून लांब ठेवणं हाच खरा बचाव. राष्ट्रीय संघाच्या बाकावर बसलेल्यांना हे कळत नसेल, असं मी मानत नाही. कळतं, पण धजत नाहीत.

बचावाला माझा विरोध नाही, हेही सांगायला हवं. १० सप्टेंबर २०१९ला, ओमानकडून हरल्यानंतर पाचच दिवसांनी, याच संघाने दोहात आशियाई विजेत्या कतारला ०-० रोखलं. छेत्री आजारी, संघात नाही. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू त्या रात्री भिंत होऊन उभा राहिला. तो बचाव मी उभ्या आयुष्यात विसरणार नाही. पण तीच भिंत बांगलादेशसमोर, अफगाणिस्तानसमोर, हाँगकाँगसमोर उभी करायची असेल तर आपण नक्की कोणाविरुद्ध गोल करणार आहोत?

जानेवारी २०१९मध्ये शारजात आशिया चषकात पुढे जायला बहारीनविरुद्ध बरोबरी पुरेशी होती. त्याच स्पर्धेत थायलंडला ४-१ने हरवणारा संघ त्या दिवशी फक्त घड्याळाकडे बघत खेळला. भरपाई वेळेत (९० मिनिटांनंतरच्या जादा वेळेत) बहारीनला पेनल्टी मिळाली, ०-१, आशिया चषकातून बाहेर. प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी त्याच रात्री पद सोडलं. सहा वर्षांनी, जून २०२५मध्ये, हाँगकाँगात पुन्हा भरपाई वेळेतली पेनल्टी, पुन्हा ०-१. तेव्हा प्रशिक्षक मानोलो मार्केझ होते. त्यांच्या आठ सामन्यांत विजय एकच, तोही मालदीवविरुद्ध.

आता खालिद जमील. तेरा वर्षांनी भारतीय माणूस या पदावर आला याचा मला मनापासून आनंद झाला होता. पुण्याच्या प्रेक्षकांना ते परके नाहीत. ते प्रशिक्षक असलेल्या मुंबई एफसी क्लबचे घरचे सामने काही काळ बालेवाडीत होत, तेव्हा त्यांचे संघ आम्ही जवळून पाहिले. कमी पैशांत बांधलेले, चिवट, हरवायला अवघड. पुढे त्यांनी ऐजॉल क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय साखळी स्पर्धा जिंकून दिली. राष्ट्रीय संघाची सुरुवातही ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर २-१ हरवून झाली, नंतर ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवून मध्य आशियाई संघांच्या काफा नेशन्स चषकात तिसरा क्रमांक आला. पण ताजिकिस्तानविरुद्धचे दोन्ही गोल बचावपटूंचे होते, अन्वर अली आणि संदेश झिंगन यांचे. पुढच्या फळीने काय करायचं, हा प्रश्न तेव्हाही उघडाच होता. १८ नोव्हेंबर २०२५ला ढाक्यात त्याचं उत्तर मिळालं. बांगलादेशने ११व्या मिनिटाला गोल केला. जवळजवळ ऐंशी मिनिटं हातात होती. एकही गोल झाला नाही. बांगलादेशकडून आपण २२ वर्षांनी हरलो. आशिया चषक पात्रतेच्या पहिल्या पाच सामन्यांत आपले एकूण गोल दोन आणि गुण दोन.

क्लबसाठी जे शहाणपण ठरतं ते देशाच्या संघाला अपुरं पडतं. साखळीत कमकुवत क्लबने दहा बरोबऱ्या केल्या तर तो टिकतो. पात्रता फेरीत गटातला एकच संघ पुढे जाणार असेल तर बरोबरी म्हणजे अर्धा पराभव. कबड्डीत चढाईपटू मध्यरेषेजवळ घुटमळून परत येत राहिला तर त्याला कोणी सावध खेळाडू म्हणत नाही.

तरीही मी सगळा दोष प्रशिक्षकावर टाकणार नाही. कॉन्स्टंटाइन, इगोर स्टिमॅच, मार्केझ, जमील ही चार वेगळी माणसं. चौघांचे संघ मोक्याच्या वेळी सारखेच मागे सरतात, तेव्हा भीतीचं मूळ बाकाच्या वर कुठेतरी आहे. जून २०२४ ते ऑगस्ट २०२५ या काळात आपण तीन प्रशिक्षक पाहिले. स्टिमॅचना मुदतीआधी काढल्यावर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला ४ लाख डॉलर भरपाई द्यावी लागली. मार्केझना राष्ट्रीय संघ देताना एफसी गोवा हा क्लबही त्यांच्याकडेच राहू दिला. दोन पराभवांत नोकरी जाईल अशी स्थिती असेल तर कोण आक्रमणाचा धोका पत्करेल? ०-०ने नोकरी महिनाभर वाचते, एवढं गणित कोणालाही जमतं.

यात तुमच्या मंत्रालयाचाही वाटा आहे, ताई. राग मानू नका. आशियातल्या पहिल्या आठांत नसलेला संघ आशियाई खेळांना पाठवायचा नाही, असा निकष २०२३मध्ये फुटबॉलच्या आड आला होता. शेवटी सवलत दिली गेली, हे चांगलं झालं. पण असा निकष असला की क्रमवारी सांभाळणं हेच उद्दिष्ट होऊन बसतं. आणि क्रमवारी तरी कुठे सांभाळली गेली? जगात २०२३च्या जुलैत ९९, २०२५ संपताना १४२.

दुसरं दुखणं स्ट्रायकरचं. इंडियन सुपर लीग (आयएसएल) या साखळी स्पर्धेच्या बहुतेक क्लबांत नऊ नंबरची, म्हणजे स्ट्रायकरची, जागा परदेशी खेळाडूची असते. आपली गुणी पोरं विंगवर खेळतात. मग मार्च २०२५मध्ये चाळिशीतल्या छेत्रीला निवृत्तीतून परत बोलवावं लागलं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचे सामने कधी पाहिलेत का? तिथे गोल करणाऱ्या पोराला लोक डोक्यावर घेतात. अशा मातीतून आलेला अनिकेत जाधव आमच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७चा १७ वर्षांखालील विश्वचषक खेळला. आघाडीवर खेळायची हौस असलेली मुलं या राज्यात आहेत. त्यांना ती जागा देणारे क्लब हवेत.

तुम्ही संघ निवडा किंवा प्रशिक्षक बदला, असं मी म्हणत नाही. बाहेरचा हस्तक्षेप म्हणून फिफाने ऑगस्ट २०२२मध्ये आपल्याला निलंबित केलं होतं, ती वेळ पुन्हा नको. पण आयएसएलचा हंगाम अडला तेव्हा मंत्रालयाने सगळ्यांना एका टेबलावर बसवलंच. महासंघाला सरकारी पैसा जातो, आणि २०२५चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदाही आता आहे. त्या पैशाबरोबर एक अट जोडता येईल: प्रत्येक पात्रता मोहिमेनंतर तांत्रिक समितीचा अहवाल जाहीर व्हावा. आघाडी घेतल्यानंतर संघ किती वेळ स्वतःच्या अर्ध्या भागात होता, बदली खेळाडू कोणते आणि का उतरवले, प्रशिक्षकाला पदावर घेताना खेळाच्या शैलीबद्दल काय सांगितलं होतं, हे त्यात लिहिलेलं असावं. प्रशिक्षकाला किमान एका पूर्ण मोहिमेची हमी मिळावी, आणि त्या काळात त्याच्याकडे दुसरा संघ नसावा. हमी मिळाल्यावरही तो भीतच खेळला तर मग त्याला जाब विचारायचा आमचा हक्क पक्का होईल.

एक मागणी पुणेकर म्हणूनही. आमच्या शहराने पुणे एफसी गमावला, एफसी पुणे सिटी गमावला. २०२२च्या महिला आशिया चषकाचे सामने बालेवाडीत झाले, म्हणजे मैदान त्या दर्जाचं आहे. पुरुष संघाचा एक सामना इथे द्यायला महासंघाला सांगा. आणि तो अहवाल जाहीर झाला तर त्यावर पुण्यात खुली चर्चा आम्ही फुटबॉलप्रेमी स्वखर्चाने भरवू. त्या चर्चेला तुम्ही यावं, प्रशिक्षकांनाही घेऊन यावं, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी
पुणे