आई बाबा, यंदाचा हिवाळा जसा झाला तसा लिहितेय

आई, बाबा,
साष्टांग नमस्कार.

आधी ते सांगून टाकते म्हणजे पुढचं लिहिता येईल. जानेवारीत माझा डावा हात मोडला होता. मनगटाजवळ. सहा आठवडे प्लास्टर होतं, आता निघालंय, बोटं हलतात, फक्त मूठ अजून घट्ट वळत नाही. आई, लगेच फोन लावू नकोस, आधी पूर्ण ऐक. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवत असाल तर थांबू नका.

झालं असं की दोन दिवस चांगलं ऊन पडलं होतं आणि छपरावरचा बर्फ वितळून पाणी खाली आलं. आपल्याला वाटतं माणूस बर्फावरून घसरतो, पण भुसभुशीत बर्फात पाय रुततो, घसरत नाही. घसरवतं ते वितळून परत गोठलेलं पाणी, काचेसारखं असतं, डांबरावर दिसतच नाही, आणि त्याच्यावर रात्रीतून दोन बोटं नवा बर्फ पडला की मग काहीच कळत नाही. सकाळी साडेसातला अंधारच होता (जानेवारीत इथं सूर्य सव्वाआठच्या पुढं उगवतो, डिसेंबरात तर साडेचारलाच मावळत होता), मी गाडीची वायर काढायला गेले. वायर म्हणजे, इथं कॅनडात, विनिपेगमध्ये, रात्री गाडी मोबाईलसारखी प्लगला लावून ठेवावी लागते, इंजिनात छोटा हीटर असतो, तो नसला तर उणे 30 मध्ये सकाळी गाडी चालूच होत नाही. वायर काढायला वाकले आणि पाय सटकला, हात टेकला, आणि आवाज मलाच ऐकू आला.

बाबा तुम्ही विचाराल की रस्त्यावर मीठ का टाकत नाहीत, टाकतात, पण उणे 15 च्या खाली गेलं की मिठाचा फारसा उपयोग होत नाही, मग वाळू टाकतात पायाला पकड यावी म्हणून. आमच्या दारात वाळू टाकायची राहिली होती.

दवाखान्यात सात तास बसले. पैसे लागत नाहीत इथं, पण वेळ फार जातो, हे मला बरं वाटलं नाही, शेजारी एक म्हातारी बाई माझ्याही आधीपासून बसलेली होती. हे रात्रपाळी करून तसेच आले, डेपोतल्या कपड्यावर, हाताला डिझेलचा वास. त्यानंतर सहा आठवडे तुमच्याशी व्हिडिओवर बोलताना मी हात ओढणीखाली ठेवायचे. आई तू विचारलंस "काय करलालीस" तर मी म्हटलं भाकरी थापतेय. भाकरी हे थापत होते. पहिले चार दिवस पीठ वायाच गेलं, मग जमली, आता माझ्यापेक्षा पातळ करतात.

आणि त्याच महिन्यात बाबा तुम्ही लातूरला पाच दिवस ॲडमिट होतात.

2 फेब्रुवारीला बोलताना तुम्ही चष्मा सरळ करायला हात वर केला तेव्हा हाताच्या मागं पांढरी चिकटपट्टी दिसली, सलाईनची सुई काढल्यावर लावतात तशी. मी विचारलं तर म्हणालात बाभळीचा काटा लागला. तुम्ही आयुष्यात माझ्याशी खोटं बोलला नाहीत हो बाबा, म्हणून तुम्हाला ते नीट जमलंही नाही. मग मी धाकट्या भावाला फोन केला, तो आधी टाळत होता, मग रडायलाच लागला, म्हणाला ताई स्टेंट टाकलाय, बाबांनी शपथ घातली होती. मला इतका राग आला, तुमचा, आईचा, त्याचा, की मी त्या रात्री जेवले नाही. आणि रागानं फोन आपटायला गेले तर हाताला प्लास्टर. तेव्हा कळलं की तुम्ही जे केलं तेच मी केलंय, आणि कारणही तेच, लांब आहेत, येता येणार नाही, उगं जिवाला घोर कशाला.

तरी महिनाभर मी काही बोलले नाही. आज बोलतेय. आता हिवाळा पहिल्यापासून सांगते, कारण आजवर फोनवर मी तुम्हाला नुसतं "मजेत आहोत, बर्फ पडलाय, मुलं खेळतायत" एवढंच सांगत आलेय.

बर्फ नोव्हेंबरात पडला तो अजून तसाच आहे. मार्च लागला तरी अंगणात गुडघ्याएवढा आहे आणि एप्रिलपर्यंत राहील. फार थंडी असली की बर्फ पायाखाली कुरकुर वाजतो, कोरड्या कडब्यावरून चालल्यासारखा. नाकातले केस गोठतात. घरात भट्टी चोवीस तास चालू त्यामुळं हवा इतकी कोरडी होते की आमच्या धाकट्या पोराच्या नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की करंट बसतो. थंडीनं खोबरेल तेल बाटलीत दगड होऊन बसतं. दही लागत नाही, म्हणून ओव्हन चालू न करता फक्त आतला दिवा लावायचा आणि रात्रभर भांडं त्यात ठेवायचं, सकाळी दही.

येळवसची (वेळ अमावस्येची) आंबील पण मी तशीच आंबवली. हो, येळवस केली आम्ही, शनिवारी केली कारण सुट्टी तेव्हाच. ते तुम्हाला सविस्तर सांगायचंच होतं. तुरीचे कोवळे दाणे गुजराती दुकानात गोठवलेले मिळतात, हरभरा नाही मिळाला ओला, वाटाणा, घेवडा, मेथी, पालक, गाजर सगळं घालून चिंचेच्या पाण्यात बेसन कालवून भज्जी केली, बाजरीचे उंडे केले. चव ऐंशी टक्के आली असेल. येळवस शेतातच करायची, पण शेत कुठून आणायचं हा प्रश्न होता. तर मोठीला शाळेत क्विन्झी करायला शिकवलेली, म्हणजे बर्फाचा मोठा ढीग करायचा, दोनतीन तास तसाच बसू द्यायचा म्हणजे तो घट्ट होतो, मग वीतभर लांबीच्या काड्या बाहेरून खोचायच्या आणि आतून कोरत जायचं, काडीचं टोक दिसलं की थांबायचं, भिंत तेवढी जाड राहते आणि ढासळत नाही. दिवसभर तिघं बापलेक खोदत होते. मी बघितलं तर ती शेतातली खोपच की आपली! कडब्याच्या जागी बर्फ, एवढाच फरक. पांडवांना दगड पाहिजेत तर सगळी जमीन बर्फाखाली, मग मनीप्लँटच्या कुंडीतले पाच खडे घेतले, त्याला पिठाची बोटं लावली, आत मांडले, दिवा लावला. आतमध्ये वारा नाही त्यामुळं दिवा शांत जळत होता आणि सगळी खोप आतून पिवळी दिसत होती. धाकट्या पोरानं वाटीतली आंबील घराभोवती शिंपडली आणि आम्ही चौघं ओरडलो "ओलगे ओलगे सालम पोलगे". शिंपडलेली आंबील तिथंच गोठली. ते पांढरे थेंब नवा बर्फ पडेपर्यंत चार दिवस तसेच होते, मी रोज शाळेला जाताना बघायचे.

त्या दिवशी मला तुमची फार आठवण आली, आई तुझी डोक्यावर बिंदगं घेऊन पुढं चाललेली पाठ आठवली.

शाळेचं सांगते, बाबा तुम्हाला आवडेल. बालवाडीत मदतनीस म्हणजे काय काम विचारत होतात ना, हिवाळ्यात ते काम म्हणजे कपडे. वीस पोरं, प्रत्येकाला आधी स्नोपँट, मग बूट, मग जाकीट, मग टोपी, गळ्याला पट्टी, सगळ्यात शेवटी मिटन्स, आणि क्रम चुकला की सगळं काढून पहिल्यापासून, कारण मिटन्स घातल्यावर चेन लावता येत नाही. (मिटन्समध्ये चारही बोटं एकत्र राहतात म्हणून एकमेकांची ऊब लागते, हातमोज्यात प्रत्येक बोट एकटं पडतं, त्यामुळं लहान पोरांना हातमोजे देत नाहीत.) पंधरा मिनिटं खेळायला पंचवीस मिनिटं तयारी, आणि बाहेर निघाल्यावर एकजण म्हणतो शू आली. फार वारं सुटलेलं असलं की बाहेर नेत नाहीत, मग ती पोरं वर्गात कोंडलेल्या वासरासारखी होतात.

हात मोडल्यावर मला एका हातानं चेन लावता येईना. घरी बसावं लागेल की काय म्हणून मी घाबरले होते, महिन्याचं गणित आमचं तेवढं सैल नाही. पण बाईंनी मला पोरांना जाकीट स्वतः घालायला शिकवायचं काम दिलं. जाकीट जमिनीवर आतली बाजू वर करून पसरायचं, टोपीची बाजू आपल्या पायाकडं, वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि डोक्यावरून पलीकडं टाकायचं, अंगात बसतं. दहा दिवसात सतराजण शिकले. त्यातला एक मुलगा, सप्टेंबरात आला तेव्हा त्याला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, तो एक दिवस स्वतःची चेन लावून झाल्यावर माझ्याकडं आला आणि काही न बोलता माझ्या कोटाची चेन खालून वर लावून दिली. बाबा, तुम्ही झेडपीच्या शाळेत पोरांची नखं कापून द्यायचात ते आठवलं.

अजून एक तुमच्याशी बोलायचं राहिलंय. रोज दारातला बर्फ खोऱ्यानं ओढावा लागतो, आपला काढून झाला की नगरपालिकेची गाडी येते आणि रस्त्यावरचा सगळा दारात लोटून जाते, परत काढा. तो ओढताना मला प्रत्येक वेळी वाटतं हे पाणी आहे. दहा सेंटीमीटर बर्फ वितळला तर साधारण एक सेंटीमीटर पाणी. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा डबे, पाच लाख लिटर, आणि तुम्ही दोघं आठ आठ दिवस दोन घागरींवर काढत होतात, आणि इथं मी पाणी उचलून बाजूला फेकतेय. इथली नदी उत्तरेकडं वाहते, त्यामुळं वसंतात वरचा दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो आणि खाली नदी गोठलेलीच असते, पाण्याला जायला जागा नसते, 1950 ला मोठा पूर आला होता, लाखभर लोकांना घरं सोडावी लागली होती म्हणे. मग त्यांनी 1968 पर्यंत गावाला वळसा घालून 47 किलोमीटरचा कालवा खोदला, पाणी गावात येऊ नये म्हणून. तुमच्या नातीला मी हे सांगितलं आणि मग रेल्वेचं सांगितलं, तर ती म्हणाली आजोबांना थोडं पाठवता येत नाही का. प्यायचं पाणी तर 1919 पासून दीडशे किलोमीटरवरच्या तळ्यातून येतं, पंप नाही, नुसत्या उतारानं. पण ज्या आदिवासी लोकांच्या उशाशी ते तळं आहे त्यातल्या एका वस्तीला 1997 पासून 2021 पर्यंत पाणी उकळल्याशिवाय पिता येत नव्हतं. पाणी दुसऱ्याच्या गावाला आणि आपण कोरडे, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

लांबलं फार. आता माझं म्हणणं ऐका.

इथून पुढं धाकट्या भावाला शपथ घालायची नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर आपण कितीतरी रात्री अंगणात झोपत होतो, मी सात वर्षांची होते, आई तू कडेला झोपायचीस, आणि रात्री जमीन हलली की बाबा तुम्ही म्हणायचात "हललं बरं का, पण कमी होतं". कधीच म्हणाला नाहीत की काही झालं नाही. त्यामुळं मला झोप लागायची. मला आता पण तसंच सांगा. किती हललं ते सांगा.

स्टेंट टाकल्यावर रक्त पातळ ठेवायच्या ज्या गोळ्या दिल्यात त्यातली एकही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, बरं वाटलं तरी नाही, दात काढायचा असला तरी आधी त्यांना विचारायचं. फाईलच्या सगळ्या पानांचे फोटो धाकट्याकडून पाठवा, अँजिओग्राफीची सीडी पण जपून ठेवा. हरभरा काढायला तुम्ही रानात जायचं नाही, मजुराचे पैसे मी पाठवलेत. तूर काय भावानं गेली ते लिहा. आपल्यात साडेअकरा तासांचं अंतर आहे म्हणून तुम्ही रात्रीबेरात्री फोन करायला संकोच करता, करू नका, मी फोन उशाशी ठेवून झोपते.

शाळा जूनअखेर बंद होते, आम्ही जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतोय, तिकिटं काढलीत, चौघांची. ऑगस्टअखेरपर्यंत आहोत.

माझ्या हाताच्या एक्स-रेचा फोटो सोबत पाठवतेय. आता तुम्ही लिहा. छातीत किती वाजता दुखायला लागलं, कुणाच्या गाडीतून लातूरला गेलात, आई त्या पाच रात्री कुठं झोपली, काय जेवली. पहिल्यापासून लिहा.

तुमची,
ताई