डिस्चार्जच्या कागदावर न उतरलेल्या दोन गोळ्या : अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्य व मानवसेवा मंत्री,
वॉशिंग्टन

सादर नमस्कार.

हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडलेला, रुग्ण घरी सोडल्यावर ३० दिवसांत पुन्हा दाखल झाला, तर त्याचा हिशेब मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना ऑक्टोबर २०१२पासून रुग्णालयाकडे मागते. रुग्णालयाला तिच्याकडून मिळणाऱ्या पैशांतली कपात ३ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. पण ही मोजणी सुरू होते ६५व्या वर्षापासून. ‘कार्डिया’ अभ्यासात १८ ते ३० वयाच्या सुमारे ५,००० जणांवर २० वर्षे लक्ष ठेवले होते. त्यात पन्नाशीआधी हार्ट फेल्युअर झालेल्या २७ जणांपैकी २६ कृष्णवर्णीय निघाले आणि आजार जडला तेव्हा त्यांचे सरासरी वय होते ३९. चाळिशीच्या आसपासच्या या माणसांच्या रुग्णालयाच्या फेऱ्या तुमच्या त्या मोजणीत येतच नाहीत.

उपाय नाही असे नाही. हायड्रॅलाझिन आणि आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट या दोन गोळ्यांची जोडी १,०५० कृष्णवर्णीय रुग्णांवर तपासली गेली, २००४मध्ये. बाकीची औषधे चालू ठेवून ही जोडी दिल्यावर मृत्यू १०.२ वरून ६.२ टक्क्यांवर आले. हार्ट फेल्युअरसाठी दाखल व्हावे लागलेले रुग्ण २४.४ टक्के होते, ते १६.४ टक्के झाले. मार्गदर्शक सूचनांमध्येही ती ठळकपणे आहे. तरीही ज्यांना ती हवी, त्यांतल्या कितीतरी जणांच्या डिस्चार्जच्या कागदावर ती नसते.

घोडे कुठे अडते? जोडगोळी दिवसातून तीनदा घ्यायची असते. पाळीच्या कामावर असलेल्याची दुपारची गोळी हमखास राहते. दुसरी अडचण डोकेदुखीची. नायट्रेटने रक्तवाहिन्या सैलावतात, डोके ठणकते. २००४च्या त्या अभ्यासात जवळजवळ निम्म्या रुग्णांना हा त्रास झाला. बहुतेकांचा तो काही दिवसांत ओसरतो, पण हे आधी कुणी सांगितलेले नसते. मग रुग्ण एकतर गोळी सोडतो, नाहीतर दुकानातून आयबुप्रोफेन आणतो. आयबुप्रोफेन शरीरात मीठ-पाणी साठवते, वजन चढते, आणि आठवड्याभरात तो पुन्हा इमर्जन्सीत. कागदावर ‘पॅरासिटामॉल चालेल, आयबुप्रोफेन नको’ एवढी एक ओळ असती तर!

तीनदाचा त्रास नको म्हणून काही ठिकाणी डायनायट्रेटऐवजी त्याच जातीचे, कमी वेळा घ्यायचे मोनोनायट्रेट दिले जाते. सोय होते, पण तो २००४चा पुरावा मोनोनायट्रेटचा नाही.

वंशामुळे औषध लागू पडते, असे आम्ही म्हणत नाही. ‘कार्डिया’तल्या त्या रुग्णांपैकी तीन चतुर्थांश जणांना चाळिशीपर्यंत रक्तदाब जडलेला होता. तो वेळेवर मोजला आणि आटोक्यात ठेवला गेला नाही, हे आमच्या मते मूळ दुखणे.

म्हणून मागणी अशी : मोजणीत ६५च्या आतले रुग्ण घ्या. नुसते परत आले का एवढे विचारू नका. ही जोडी लिहिली का, नसेल तर कारण काय, तिसऱ्या दिवशी फोन गेला का, सातव्या दिवसाच्या आत तपासणी झाली का, हेही विचारा. स्वस्त जेनेरिक गोळ्यांचा तीन महिन्यांचा साठा आणि वजनकाटा रुग्ण निघतानाच हातात द्या. एका दिवसात दीड किलो वजन वाढले तर कोणाला फोन करायचा, तो नंबर काट्यावरच चिकटवलेला असू द्या.

आपले,
अमेरिकेतील हृदयरोग विभागांत काम करणारे मराठी डॉक्टर